हिरव्या बदामाची ईर्षा

रूपालीच्या पोटावर माझा हात होता आणि तिची नजर मोबाईलवर. मी सांगितलं, "बाळाची वाढ ठीक आहे. लोणचं-पापड बंद कर, दुपारी डाव्या कुशीवर पड." तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. एक व्हिडिओ पुढं सरकवला, थांबवला, कानाला लावून ऐकला आणि मग म्हणाली, "व्हय मॅडम, बरोबर हाय. ह्या पण तेच सांगत्यात."

म्हणजे मी पास झाले. कोल्हापुरात पंचवीसहून जास्त वर्षं बाळंतपणं केल्यावर.

"ह्या" म्हणजे पुण्याच्या एक डॉक्टर. त्यांचं नाव इथं लिहिणार नाही, त्यांची आधीच पुरेशी जाहिरात झालेली आहे. मिनिटभराचे व्हिडिओ करतात. इस्त्रीची कॉटनची साडी, मागं एक हिरवीगार कुंडी, चेहऱ्यावर छान उजेड. गरोदर बाईनं काय खावं, कसं झोपावं, कशाला घाबरावं, कशाला घाबरू नये, सगळं हसत हसत. माझ्या ओपीडीत येणाऱ्या दहातल्या आठ मुली त्यांना बघून यायच्या. नेसरीकडची एक पोरगी तर तोंडावर म्हणाली, "तुमी पण त्येच सांगतासा मॅडम, पर त्या जरा नीट सांगत्यात."

मी त्या बाईंवर जळत होते. दुसरा शब्द नाही. साडीवर जळत होते, कुंडीवर जळत होते, केसांवर तर फारच. दिवसात ऐंशी पेशंट बघून, मधे एक सिझेरियन करून, वडापाव खाऊन पुन्हा खुर्चीत बसल्यावर कुणाचे केस असे राहतात? त्यांच्या व्हिडिओखाली माझ्याच पेशंटनी टाकलेली फुलं मी जेवताना मोजायचे आणि घास गोड लागायचा नाही.

आमच्या मालन सिस्टरनी हे ओळखलं. मालन माझ्याकडं पहिल्यापासून आहे. तिच्यासमोर मला लपवाछपवी जमत नाही.

"मॅडम, नुसतं जळून काय हुतंय? आपण पण काढूया की ग्रुप. व्हॉट्सॲपवर. मी बघतो सगळं." आमच्याकडं बायकाही 'आलो, गेलो, बघतो' म्हणतात, वाचणाऱ्यांनी गोंधळू नये.

"पण या मुली मला का विचारत नाहीत? मोबाईलला का विचारतात?"

"तुमी वरडतासा. सासूला इचारलं तर गल्लीभर हुतंय. मोबाईल वरडत न्हाय."

एवढं स्पष्ट मला कुणी सांगितलं नव्हतं. पण रागवायला वेळ नव्हता, बाहेर रांग होती.

ग्रुप निघाला. नियम मीच घातले. देवाचे फोटो नकोत, सुविचार नकोत, फक्त तब्येतीचं. मुलींनी प्रश्न बोलून टाकायचे, मी बोलून उत्तर देणार. आणि खरंच प्रश्न आले. जे माझ्या टेबलासमोर बसून कधी आले नव्हते, ते आले. पपई खाल्ली तर काय होतं. ग्रहणात भाजी चिरली तर काय होतं. नवऱ्याजवळ झोपलं तर चालतं का, हा प्रश्न विचारणारीनं आधी तीन मेसेज टाकून डिलीट केले होते. मी उत्तरं देत सुटले. माझे मेसेज तीन-तीन, चार-चार मिनिटांचे असायचे. आपल्याला येतं ते सगळं सांगावं, हातचं राखू नये, असं माझं मत. मुली हात जोडायच्या, फुलं टाकायच्या. मी मालनला म्हटलं, "बघ, पुण्याला जायची गरज नाही." मालन नुसतं हसली.

आता बीपीचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बीपीचे दोन आकडे असतात. वरचा आणि खालचा. गरोदरपणात एकशे चाळीस-नव्वदच्या वर गेलं की आम्ही सावध होतो. काही बायकांत शेवटच्या महिन्यांत बीपी अचानक चढतं, लघवीतून प्रोटीन जायला लागतं, डोकं दुखतं, डोळ्यांपुढं चमकतं. याला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. वेळेत धरलं तर आटोक्यात येतं. नाही धरलं तर फीट येते, आणि मग आई आणि बाळ दोघांचं अवघड होतं. त्यामुळं ज्यांना धोका आहे त्यांनी घरी डिजिटल मशीन घ्यायचं आणि रोज सकाळी मशीनच्या आकड्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा, असं मी ठरवलं.

फोटो चांगला असला की मी खाली बदाम टाकायचे. बदाम म्हणजे ते हृदयाचं चिन्ह. लाल बदाम पेशंटला पाठवणं मला बरं वाटेना, म्हणून हिरवा. आकडा जास्त असला तर "फोन करा" असं लिहायचे. एवढी साधी पद्धत होती.

पण हे कोल्हापूर आहे. इथं फुटबॉलची मॅच असो, पाडव्याला म्हशी पळवायच्या असोत, नाहीतर गल्लीतल्या मंडळाचा गणपती असो, ईर्षा आल्याशिवाय कुणाला मजाच येत नाही. दोन आठवड्यांत मुली बदाम मोजायला लागल्या. ज्यांना मशीन घ्यायला सांगितलंच नव्हतं त्यांनीही घेतलं. "मॅडम, माझा बदाम राहिला," असे मेसेज यायला लागले. मला काय, गंमत वाटत होती. पुण्याच्या बाईंना लाखभर लोक बघत असतील, पण त्यांच्या बदामासाठी कुणी सकाळी उठून दंडाला पट्टा बांधत नव्हतं.

रूपाली या ग्रुपात होती, आणि तिची धाकटी जाऊ स्नेहलही. कुरुंदवाडजवळच्या एका गावातलं हे घर. ऊस, म्हशी, दूधसंस्थेत बऱ्यापैकी वजन. घरात सासूचा शब्द चालायचा, तिला सगळे आक्का म्हणायचे, सुना मात्र आत्या. रूपालीच्या लग्नाला सहा वर्षं झालेली. चार ठिकाणी औषधपाणी करून मग दिवस राहिलेले. तिचं बीपी पाचव्या महिन्यापासूनच थोडं वर, त्यामुळं गोळी चालू होती. आणि स्नेहलच्या लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं. हसतखेळत दिवस राहिले. रूपालीच्या मागं एक महिना.

दोघी एका गाडीतून तपासायला यायच्या आणि एकमेकींकडं पाठ करून बाकावर बसायच्या. एकीची सोनोग्राफी झाली की दुसरी विचारायची, "तिच्या बाळाचं वजन किती?" मी म्हणायचे, "तुझं तू बघ." त्यावर स्नेहल म्हणायची, "सांगा की मॅडम, घरातलंच हाय न्हवं."

मशीन रूपालीसाठी घेतलेलं. स्नेहलला त्याची काही गरज नव्हती, तिचं बीपी घड्याळासारखं. पण थोरली फोटो टाकते म्हटल्यावर ही कशी मागं राहील? रोज सकाळी त्याच मशीनवर आधी स्नेहल, मग रूपाली. स्नेहलचं एकशे दहा-सत्तर. हिरवा बदाम. रूपालीचं एकशे अडतीस-अठ्ठ्याऐंशी. मी लिहायचे, "गोळी घे, आराम कर, लक्ष ठेव." त्यात चुकीचं काही नव्हतं. पण बदाम नव्हता.

मग सातव्या महिन्याच्या अखेरीला रूपालीचे आकडे सुधारले. एकशे बारा-चौऱ्याहत्तर. दुसऱ्या दिवशी एकशे दहा-बहात्तर. मी खूष. बदाम तर टाकलाच, वर बोलून टाकलं, "शाब्बास रूपाली! बघा, मीठ कमी केलं, आराम केला, तर फरक पडतो." सगळ्या ग्रुपनं टाळ्या वाजवल्या. त्या आठवड्यात तिची तपासणी होती. तिनं मेसेज केला, "मॅडम, रविवारी ओटभरण हाय. सोमवारी येऊ का?" आकडे इतके छान, मी म्हटलं, ये सोमवारी.

ओटभरण म्हणजे डोहाळजेवणच, आमच्याकडं तसं म्हणतात. सहा वर्षांनी होणारं ओटभरण. झोपाळा, फुलांची आरास, हिरवी साडी, फोटोवाला, पाचशे माणसांचं जेवण. मलाही आमंत्रण होतं.

शनिवारी दुपारी ओपीडी भरात असताना स्नेहलचा फोन आला.

"मॅडम, स्नेहल बोलतो. माझं नाव कुणाला सांगू नगा."

"काय झालं? पोटात दुखतंय का?"

"मला काय हुतंय? माझं बीपी चोरलंय."

"काय चोरलंय?"

"बीपी! थोरलीनं. आज सकाळी तिनं टाकलाय त्यो फोटो बघा. त्यो काल माझा हुता. वरचा बघा, खालचा बघा, नाडी बघा. आणि तुमी तिला बदाम दिलासा. माझ्या आकड्यावर!"

मला आधी हसू आलं. बीपी चोरीला गेल्याची तक्रार माझ्या आयुष्यात पहिलीच. हसत हसतच ग्रुप उघडला. कालचा स्नेहलचा फोटो. आजचा रूपालीचा. वरचा आकडा तोच, खालचा तोच, नाडीही तीच. दोन बायकांचे तिन्ही आकडे एकदम जुळणं जवळजवळ अशक्य. मग फोटो मोठा करून बघितला. कोपऱ्यात बारीक 'एम' दिसत होता. मशीन आधीचे आकडे साठवून ठेवतं आणि एक बटण दाबलं की दाखवतं, तेव्हा ती खूण येते. मागं मागं गेले. आठवडाभराच्या रूपालीच्या प्रत्येक फोटोत ती खूण होती. म्हणजे स्नेहल मोजून उठली की ही बटण दाबत होती, जावेचा आदल्या दिवशीचा आकडा काढत होती आणि त्याचा फोटो टाकत होती.

माझं हसू गेलं. म्हणजे आठ दिवस रूपालीचं खरं बीपी किती आहे हे कुणालाच माहीत नव्हतं.

"स्नेहल, ती आत्ता काय करतेय?"

"पडलीया. कालधरनं डोकं दुखतंय. कपाळाला बाम थापलाय."

"डोळ्यांपुढं काही होतंय का तिच्या?"

"व्हय, तेच सांगतोय न्हवं. सकाळी म्हणत हुती, लायटी चमकल्यागत हुतंय. पुण्याच्या मॅडमनी सांगितलंय की, डोकं दुखून डोळ्याम्होरं चमकलं की त्याच दिवशी दवाखाना. म्हून तर फोन केला. न्हायतर बीपी नेलं तर नेलं, मला काय कमी हाय?"

अशा वेळीसुद्धा माणसाचं मन किती हलकट असतं बघा. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की हे तर मीही सांगितलं होतं. ग्रुपवर, माझ्या आवाजात. मी तिला म्हटलंसुद्धा, "अगं, मी पण सांगितलं होतं की!"

"तुमचं लई लांब असतंय मॅडम. शेवटपर्यंत कोण ऐकतंय?"

फोन ठेवला आणि आक्कांना लावला. मागं मंडपवाल्यांची ठोकाठोक चाललेली. मी म्हटलं, "रूपालीला आत्ताच्या आत्ता घेऊन या. बीपी वाढलेलं असणार."

"कुणी सांगितलं? आज तर तुमीच बदाम दिलासा न्हवं!"

"तो चुकून दिला."

"चुकून? अवो मॅडम, पावणं यायला लागल्यात. निपाणीची तिची मावशी येऊन बसलीया. ओटभरण झालं की सोमवारी येतोच की आमी. पोरीला काय झालंय? जरा डोकं दुखतंय. माझं बी दुखायचं."

"आक्का, उद्या झोपाळ्यावर तिला फीट आली तर काय कराल?"

"असं अभद्र बोलू नगासा बाई. शुभ काम हाय."

माझाच बदाम माझ्या तोंडावर मारत होती ती बाई, आणि मला बोलायला जागा नव्हती. स्नेहलचं नावही घेता येत नव्हतं. मी म्हटलं, "फोन रूपालीला द्या."

रूपालीचा आवाज बारीक आला. "बरं हाय मॅडम. सोमवारी येतो."

"ठीक. मग मी व्हिडिओ कॉल करते. माझ्यासमोर पट्टा बांध, एकदा बीपी बघूया. चांगलं आलं तर मी स्वतः उद्या जेवायला येते."

ती म्हणाली, "हितं रेंज न्हाय मॅडम."

आणि मागून स्नेहलचा आवाज आला, खणखणीत. "हाय की रेंज! चार काड्या हायत!"

आपलं नाव सांगू नका म्हणणारीनं स्वतःच स्वतःला उघडं पाडलं. तिनं रूपालीच्या हातातला फोन काढून घेतला, व्हिडिओ चालू केला आणि पलंगासमोर धरून उभी राहिली. रूपालीचा चेहरा बघूनच मला कळलं. पापण्या सुजलेल्या, ओठ जाड झालेले. आक्का दारात, तिच्यामागं ती निपाणीची मावशी. पट्टा फुगला, सुटला. स्नेहलनं फोन मशीनजवळ नेला.

एकशे बहात्तर-एकशे चौदा.

स्नेहल बोलली, पण मघासारखी नव्हे. "आत्या, लई हाय ओ हे." आणि आक्का, जी मला आत्ताच अभद्र बोलू नका म्हणाली होती, ती मांडवाकडं तोंड करून ओरडली, "गाडी काढा रं! पयली गाडी काढा!"

ओरडायला मीही कमी केलं नाही. बीपीची गोळी आत्ता द्या, डाव्या कुशीवर झोपवून आणा, वाटेत चहाला थांबाल तर बघा. त्यांच्या वाटेवरच्या सरकारी दवाखान्यात माझ्या ओळखीचे डॉक्टर होते. त्यांना फोन करून, फीट येऊ नये म्हणून देतात ते पहिलं इंजेक्शन तिथंच द्यायला सांगितलं. मालननं इकडं ऑपरेशन थिएटर तयार ठेवलं, बालरोगतज्ज्ञांना कळवलं. ओपीडी बाहेर ताटकळत होती, पण कुणी कुरकुरलं नाही. मालननं सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

रूपाली आली तेव्हा शुद्धीत होती. लघवीत भरपूर प्रोटीन. बीपी उतरवायला शिरेतून औषध, फीट टाळायला दुसरं, आणि बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला देतात ती इंजेक्शनं. ती लागू पडायला वेळ लागतो. त्यामुळं लगेच सिझेरियन करायचं की थोडं थांबायचं, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात वाईट हिशेब. लवकर काढलं तर बाळाला धोका, थांबलं तर आईला. बीपी उतरू लागलं, म्हणून मी थांबायचं ठरवलं. खुर्ची तिच्या पलंगाजवळच घेतली.

डोकं जरा हलकं झाल्यावर ती रडायला लागली. मी रागवायच्याच तयारीत होते.

"मोबाईलवर सगळं बघतेस ना तू? मी सांगितलेलंसुद्धा तपासून घेतेस. मग डोकं दुखल्यावर काय बघितलंस?"

तिनं मोबाईल पुढं केला. ती टाईप करत नव्हती, बोलून विचारायची. विचारलेलं सगळं ओळीनं दिसत होतं. 'गरोदरपणात डोकं दुखतंय घरात काय करावं.' 'डोकेदुखीवर घरगुती उपाय.' 'ओटभरणाच्या दिवशी डोकं दुखू नये म्हणून काय खावं.' मोबाईल बिचारा विचारलं ते सांगत होता. बाम लावा, पाणी प्या, शांत झोपा. हे धोक्याचं आहे का, असं तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

"का नाही विचारलंस?"

"इचारलं असतं तर सांगितलं असतं की त्यानं."

ती पुढं बोलत राहिली.

"मॅडम, सहा वर्सं मी दुसऱ्यांच्या ओटभरणात पोळ्या लाटल्या. ही आली आणि तीन महिन्यात... बरं, आली तर आली. पर रोज सकाळी आत्या मोबाईल बघायच्या. धाकटीला बदाम आला, थोरलीला का न्हाय? शेजारणी बी बघायच्या. माझ्या पोटातलं पोरगं पण हिच्यापरास कमीच निघालं, असं वाटायचं. एक दिवस तरी हिरवा बदाम पायजे हुता. एकदा टाकला. मग तुमी शाब्बास म्हणालासा. मग मागं कसं फिरायचं?"

ओरडायचं होतं ते राहूनच गेलं. मी तिचा हात धरून बसले. आणि खरं सांगायचं तर, एका अनोळखी बाईच्या केसांवर जळणाऱ्या माणसानं तिला काय शहाणपण शिकवायचं होतं?

रविवार उजाडला. तिकडं मांडव घातलेला, जेवणाची भांडी आलेली, अर्धे पावणे पोचलेले. आक्कांचा फोन आला. आता एवढी तयारी झालीच आहे, तर धाकटीला सातवा लागतोच आहे, तिचं ओटभरण उरकून घेऊ का? ते फोटो स्टेटसवर लागणार, रूपाली इथं पडल्या पडल्या बघणार, आणि मुश्किलीनं उतरवलेलं बीपी परत चढणार. मी म्हटलं, "स्नेहलला द्या फोन." तिला सांगितलं, "झोपाळ्यावर बसलीस आणि एक जरी फोटो टाकलास, तर ग्रुपातून काढीन तुला."

"बसतंय कोण?" ती फणकारली. "तिच्यासाठी घातलेल्या मांडवात मी बसू? तिच्या नावाची आरास मला नगो. माझं करायचं तर नवं करा, म्हणून सांगितलंय आत्यास्नी. हिच्यापेक्षा मोठं."

जावेचा मान राखावा म्हणून ती असं बोलली की निव्वळ ईर्षेपायी, हे मी आजही सांगू शकत नाही. मी विचारलंही नाही. पावण्यांनी जेवून घेतलं, झोपाळा रिकामा राहिला.

सोमवारी रूपालीचं बीपी पुन्हा चढायला लागलं. आता थांबण्यात अर्थ नव्हता. सिझेरियन केलं. मुलगी झाली. तळहातावर मावेल एवढी, पण रडली. तो आवाज ऐकून मालननं तोंडावरचा मास्क काढून डोळे पुसले आणि मी तिला त्यावरून ओरडले. बाळ तीन आठवडे काचेच्या पेटीत होतं. रूपाली रोज पेटीशेजारी बसायची. मोबाईल पिशवीत. आक्काही यायच्या, डबा घेऊन. नातीकडं काचेतून बघत बसायच्या आणि माझ्याशी बदामाबद्दल एक शब्द बोलायच्या नाहीत. मीही विषय काढला नाही.

पुढं स्नेहलचं ओटभरण झालं, आणखी मोठं. बाळंतपणही झालं, मुलगा, तीन किलोच्या वर.

ग्रुपचं मी काय केलं? बंद नाही केला. बदाम बंद केले. आकड्याचे फोटो सगळ्यांसमोर टाकणंही बंद. ज्यांना धोका आहे त्यांनी फोटो एकट्या मालनच्या नंबरवर पाठवायचा आणि महिन्यातून दोनदा मशीन घेऊन समोर यायचं. मुली आठवडाभर रुसल्या. "मजा गेली मॅडम," असं एकीनं लिहिलं. मी ओरडले नाही. लिहिलं, "जाऊ दे."

आणखी एक केलं. पुण्याच्या बाईंचा तो डोकेदुखीचा व्हिडिओ शोधला. पूर्ण बघितला. जे सांगायला मला चार मिनिटं लागतात ते त्यांनी एका मिनिटात सांगितलं होतं. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. तो व्हिडिओ मी माझ्या हातानं माझ्या ग्रुपवर टाकला. जीव जळाला. मालननं खाली दोन्ही हात जोडलेले टाकले, मला की त्यांना, कळलं नाही.

काही महिन्यांनी दोघी जावा एकाच गाडीतून लसीकरणाला आल्या. या वेळी बाकावर शेजारी बसल्या होत्या, कारण रूपालीच्या मुलीचं दुपटं स्नेहलच्या पिशवीत होतं. पेटीतली ती चिमणी आता गुटगुटीत झालेली. आधी तिला काट्यावर ठेवलं, मग स्नेहलच्या मुलाला. आकडे मी मोठ्यानं वाचले नाहीत. "दोन्ही छान," एवढंच म्हटलं.

"छान म्हणजे किती?" दोघी एकदम म्हणाल्या. आणि मी काही बोलायच्या आत दोघींनी मोबाईल काढून काट्याचा फोटो घेतला.

"कशाला पाहिजे फोटो?"

"आत्यास्नी दाखवायला," स्नेहल म्हणाली. रूपाली नुसतं हसली. पण तिनं फोटो मोठा करून दोनदा बघितला, ते मी पाहिलं.

एवढ्या वर्षांच्या नोंदी, पुस्तकं, कॉन्फरन्सा झाल्या, पण या प्रकरणातून मी एकच गोष्ट शिकले. बाईला माहिती आता कुठूनही मिळते. तिला खरं सांगता यावं म्हणून मात्र एक अशी जागा लागते, जिथं शेजारीण बघत नाही.

आता आमच्या दवाखान्यातल्या वजनकाट्याचं तोंड माझ्या बाजूला फिरवून ठेवलेलं असतं.